रोप हातात घेण्याआधी डोंगराची माती आणि उतार पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की डोंगरांवर झाडे लावण्याच्या घोषणा सुरू होतात. २०१६ मध्ये राज्यात दोन कोटी रोपांचे उद्दिष्ट होते, २०१९ मध्ये ते ३३ कोटींवर गेले. सरकारी मोहिमांच्या जोडीला आता कंपन्या, शाळा, गणेश मंडळे आणि गृहसंस्थाही डोंगर चढतात. उत्साह खरा आहे आणि त्याबद्दल आम्हांला आदर आहे. पण जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच यादी दिसते: वड, पिंपळ, कडुलिंब, आवळा, चिंच, करंज, बांबू. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तीच रोपे, त्याच मापाचे खड्डे आणि तेच अंतर. कुठे काय लावायचे हे जिल्ह्यावरून किंवा रोपवाटिकेत काय शिल्लक आहे त्यावरून ठरते. ते ठरायला हवे त्या जागेवरून, म्हणजे तिथे माती किती खोल आहे, खाली कातळ कसा आहे, पाणी थांबते की निघून जाते आणि उताराचे तोंड कुठे आहे यावरून. डोंगराच्या काही भागांत तर एकही झाड लावू नये, हेच योग्य उत्तर असते. हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

आपले बहुतेक डोंगर बेसॉल्टचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. दोन थरांतला फरक आजही डोंगराच्या कडेवर नजरेला दिसतो. घट्ट, एकसंध थर झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. सच्छिद्र, पोकळ्यांचा थर लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे उतार सौम्य होऊन पदर किंवा माची तयार होते. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखा तांबडा पट्टा असतो. वरून झिरपलेले पाणी अशा चिकण पट्ट्यावर किंवा खालच्या घट्ट खडकावर अडते आणि कड्याच्या पायथ्याशी पाझरते. कड्यावरून सुटलेले दगड आणि त्यांच्यामधली माती तिथेच साचते, दुपारनंतर किंवा सकाळी कड्याची सावलीही मिळते. म्हणूनच सह्याद्रीत कड्याखालच्या पदरात आडवा हिरवा पट्टा दिसतो. वर उघडा कातळ, खाली गवताचा उतार आणि मधोमध दाट रान असते. ते रान कुणी लावलेले नाही. खडकाच्या रचनेनेच त्याला पाणी आणि माती पुरवली आहे. हा पट्टा सोडून शंभर फूट खाली, सोंडेच्या म्हणजे खाली उतरत जाणाऱ्या धारेच्या पाठीवर, तीच झाडे लावली तर पहिल्या मार्चमध्येच वाळतात.

दुसरी गोष्ट पावसाची. खडक एकच असला तरी पावसाप्रमाणे त्याची माती वेगळी होते. घाटमाथ्यावर आणि कोकणात धो धो पावसाने खडकातले चुन्यासारखे क्षार आणि सिलिका धुऊन जातात, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरते. त्यातून तांबडी, आम्लधर्मी माती आणि जांभा तयार होतो. या मातीतले लोह स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते, त्यामुळे मातीत स्फुरद असूनही मुळांना तो सहज मिळत नाही. पूर्वेकडे, पावसाच्या छायेत, क्षार धुतले जात नाहीत. तिथे त्याच बेसॉल्टची काळी, चिकण, चुनखडीयुक्त माती होते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडतात की कोवळी मुळे तुटतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका आणि खाली वाईत हजार मिलिमीटरच्या आत. ही तिन्ही गावे एकाच तासाभराच्या रस्त्यावर आहेत. महाबळेश्वरच्या रानात जांभूळ, अंजनी, पिसा यांचे सदाहरित छत्र मिळते, तर वाईच्या पूर्वेकडील टेकड्यांवर खैर, हिवर, बोर, मोई आणि कुसळी गवत. सातारा जिल्ह्यासाठी म्हणून एकच यादी छापणे किती चुकीचे आहे, ते एवढ्यावरून लक्षात यावे.

यात एक बारकावा आहे. पाऊस कमी होत गेला म्हणून झाड एकदम नाहीसे होत नाही, ते डोंगरावरची आपली जागा बदलते. जांभूळ घाटमाथ्यावर सपाटीवरही उभे असते. थोडे पूर्वेला गेलो की ते घळीत सापडते आणि आणखी पूर्वेला फक्त ओढ्याच्या काठाला. जिथे पावसाचे पाणी पुरत नाही तिथे ती उणीव खोल माती आणि वाहून आलेली ओल भरून काढते. त्यामुळे 'जांभूळ आमच्या तालुक्यात आहे' एवढी माहिती लागवडीला पुरेशी नाही. ते तालुक्यात नेमके कुठे उभे आहे हे पाहिल्याशिवाय रोप उताराच्या मध्यावर लावले, तर ते मेल्याचे खापर पावसावर फोडले जाते.

मातीच्या खोलीचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक लागवडीपूर्वी करता येतो. एक सेंटीमीटर चांगली माती झाडाला वापरता येईल असे साधारण दीड मिलिमीटर पाणी धरते. वरच्या उतारावर ४० सेंटीमीटर माती दिसली आणि त्यात निम्मे दगडगोटे असले, तर ती प्रत्यक्षात २० सेंटीमीटरच आहे, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर पाणी. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर झाडे आणि ऊन मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज नेतात. आठवड्याभरात साठा संपतो आणि पुढे जूनपर्यंत आठ महिने काढायचे असतात. अशा जागी दोनच प्रकारच्या वनस्पती टिकतात. एक, ज्यांची मुळे खालच्या भेगांतून मुरमात शिरतात. दोन, ज्या पाऊस संपण्याआधीच आपले वर्षाचे काम उरकून कंदात किंवा बियांत जातात. सातपुड्यात आणि खानदेशात उथळ, खडकाळ जमिनीवर अंजनाचे झाड उभे राहते ते खडकाच्या भेगांत खोल जाणाऱ्या सोटमुळामुळे. कोरड्या, तापलेल्या धारेवर सालई आणि कांडोळ दिसतात. पानगळ करून, खोडात ओल धरून ती उन्हाळा काढतात. इथे सागही लावला जातो. त्याला निचऱ्याची, चुन्याचा अंश असलेली खोल जमीन लागते. उथळ मुरमावर किंवा जांभ्यावर तो जगला तरी खुरटा, वाकडा राहतो.

म्हणून खोली मोजताना खाली काय आहे तेही बघावे लागते. पहार मारल्यावर ठण्ण आवाज आला आणि ती उडाली तर एकसंध कातळ आहे. तिथे ३० सेंटीमीटर माती म्हणजे तेवढीच, त्यापुढे मुळाला वाट नाही. पहार खर्र करून थोडी थोडी आत जात असेल तर खाली कुजका मुरूम आहे, आणि तिथे वरची माती वीतभर असली तरी धावडा, खैर, मोई तग धरतील. दोन जागा वरून सारख्याच दिसतात. फरक पहारीनेच कळतो.

उताराचे तोंड हा मुद्दा बहुतेक आराखड्यांत नसतोच. सातमाळा, हरिश्चंद्र-बालाघाट, महादेव या रांगा सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे जातात, त्यामुळे त्यांना उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन मोठ्या बाजू आहेत. पाऊस संपल्यापासून मार्चपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या भर दुपारी ३० अंशांच्या दक्षिण उतारावर थेट पडणारे ऊन तेवढ्याच उत्तर उतारावरच्या उन्हाच्या साधारण तिप्पट भरते. उत्तर बाजूची माती कित्येक आठवडे अधिक ओली राहते, तिथे झुडपे दाट होतात, पाला कुजून मातीत मिसळतो. दक्षिण बाजूचे गवत आधी वाळते, वणवा तिथे आधी लागतो, आणि चढावर आग खालून वर वेगाने जाते. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना एकच रोप लावून दोन्हीकडे सारख्याच जगण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. नैऋत्येचा उतार सर्वांत कठीण, कारण त्याला दुपारचे ऊन आणि पावसाळी वाऱ्याचा मारा दोन्ही सोसावे लागतात. घाटमाथ्याच्या काठावर अंजनी आणि जांभूळ कमरेएवढी खुजी, एका बाजूला झुकलेली दिसतात ती वाऱ्यामुळे. तिथे नर्सरीतले उंच, लवचीक रोप काठीला बांधून उभे केले, तर पावसाळ्याभर हलून हलून त्याची मुळेच सुटतात.

आता सड्यांविषयी, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारांविषयी, आणि इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान इथे होत आहे. काससारखी समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरची जांभ्याची पठारे असोत की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले समुद्राजवळचे सडे, उन्हाळ्यात ती उघडी, काळवंडलेली, निर्जीव दिसतात. सातबाऱ्यावर त्यांची नोंद पोटखराबा किंवा पडीक म्हणून असते. मग कुणाला तरी वाटते की इथे झाडे नाहीत म्हणजे कुणीतरी तोडली असणार. ती कधीच नव्हती. जांभ्याच्या कडक थरावर काही ठिकाणी बोटभरही माती नाही, आणि जी आहे तिच्यातले पोषणद्रव्य प्रत्येक पावसात धुऊन जाते. चार महिने तिथे पाणी साचते आणि आठ महिने तो कातळ भाजून निघतो. झाडाला हे दोन्ही टोकाचे हाल एकाच जागी सोसत नाहीत.

पण याच अडचणींवर तिथली वनस्पतिसृष्टी उभी आहे, आणि ती मातीच्या खोलीप्रमाणे सेंटीमीटरच्या हिशेबाने बदलते. अगदी उघड्या कातळावरचा काळा थर म्हणजे नीलहरित शैवाल आणि दगडफुले. पाणी मिळताच ती जागी होतात. दोन ते पाच सेंटीमीटर माती आणि वर पाण्याचा पातळ पापुद्रा असला की तिथे गेंद आणि सीतेची आसवे येतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती आहेत. मातीत नत्र मिळत नाही म्हणून त्या तो किड्यांतून घेतात. कातळातल्या खळग्यांत पाणी महिनाभर टिकले तर वायतुरा फुलतो. हातभर अंतरावर माती वीतभर झाली की दीपकाडी, भूछत्रासारखे एकदम उगवणारे कंदवर्गीय, जमिनीवरची आमरे (ऑर्किड) आणि सोनकी. आणखी खोल, पठाराच्या कडेला, टोपली कारवी. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी कासचे महत्त्व या उघड्या, झाडे नसलेल्या कातळामुळेच आहे.

अशा सड्यावर चर खणला की काय होते? पाण्याचा पातळ पापुद्रा चरात उतरतो आणि आजूबाजूचा कातळ पावसाळ्यातच कोरडा पडतो. ज्या वनस्पतींची सगळी वाढ त्या पापुद्र्यात होते त्या संपतात. चरातून काढलेली मुरमाड माती बांधावर पडते, तिच्यावर पहिल्याच वर्षी रानमोडी आणि घाणेरी उगवते, आणि तिथून पठारभर बी पसरते. खड्ड्यात शेणखत किंवा युरिया टाकला तर तो पावसाने बाहेर वाहतो. नापीक मातीवर जगायला शिकलेल्या नाजूक वनस्पती मग खतावर माजणाऱ्या तणांपुढे टिकत नाहीत. लावलेले रोप मात्र बहुधा दुसऱ्या उन्हाळ्यात जाते. जगलेच तर त्याची सावली पडून खालचे उरलेसुरले नाहीसे होते. कोकणात सुरुंग लावून, बाहेरून माती आणून सड्यावर आंबा-काजू जगवतात. ती शेती आहे, तिचा हिशेब वेगळा. पण तिला निसर्गाचे पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही.

तलावातला गाळ डोंगरावर नेऊन टाकणेही चुकीचे. तो शेताला सोने आहे, डोंगराला नाही. गाळाबरोबर शेतातल्या तणांचे बी चढते, आणि चिकण गाळाचा थर मुरमावर पडला की पावसाचे पाणी आत मुरायचे थांबून वरून वाहते. अलीकडे मियावाकी पद्धतीची लागवडही डोंगरांवर नेली जात आहे. चौरस मीटरला तीन-चार रोपे, खोल खणलेली आणि सेंद्रिय खताने भरलेली जमीन, हे तिचे गणित शहरातल्या मोकळ्या भूखंडाला ठीक असेल. आठ इंच मातीच्या उतारावर तेवढ्या झाडांना पुरेल एवढे पाणीच नाही, आणि जमीन उकरल्याने उतारावरची माती पहिल्या जोरदार सरीत ओढ्यात जाते.

कड्यांच्या भेगांतही असेच खास जग आहे. शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राबाहेर कुठेच न आढळणारी मांसल वनस्पती शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या ठिकाणी कड्याच्या खाचांत उगवते. कंदीलपुष्पांच्या अनेक जाती उघड्या, गवताळ, तीव्र उतारांवर कंद रोवून राहतात. त्यांना ऊन हवे आणि पाण्याचा निचरा हवा. जिथे तीव्र उतार आहे पण माती थोडी बरी आहे, तिथे कारवी. तिचे दाट रान माती धरून ठेवते आणि सात वर्षांतून एकदा सगळी झुडपे एकत्र फुलून मरतात. ती वाळलेली पाहून 'जागा मोकळी झाली' असे समजून खड्डे घेणे ही गंभीर चूक आहे. पुढच्या पावसाळ्यात जमिनीवर तिचीच लाखो रोपे उगवणार असतात, आणि ती तुडवली गेली तर तो उतार पुढची काही वर्षे उघडा पडतो.

गवताळ उतारांबाबतही असेच गैरसमज आहेत. कुसळी जास्त असली तर माती उथळ आहे, चराई आणि वणवा वारंवार होतो, हे समजते. मारवेल गवत दिसले तर माती खोल आणि ओल बरी. गवताची मुळे उताराची माती जितकी घट्ट धरतात तितकी विरळ लावलेली झाडे पहिली दहा वर्षे धरू शकत नाहीत. गवत काढून खड्डे घेण्याने त्या उताराचे नुकसानच होते. अशा ठिकाणी झाडांऐवजी चराई दोन-तीन वर्षे थांबवली आणि वणवा अडवला, तर मुळांतून नवे धुमारे फुटून गेळा, करवंद, तोरण, धायटी, मेडशिंगी आपोआप वर येतात. उतार कोणत्या वनस्पतींना मानवतो हे तो स्वतःच सांगतो.

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्याविषयी थोडक्यात. ही झाडे उथळ जमिनीवर जगतात म्हणून लावली गेली आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची दाटी आजही दिसते. ती जगली, पण त्यांच्या छायेखाली मूळ गवत आणि कंदवर्गीय उरले नाहीत. गिरिपुष्प आणि सुबाभूळ मातीत नत्र वाढवतात. शेताच्या बांधाला ते वरदान आहे, पण जिथली मूळ वनस्पती कमी नत्रावर जगायला घडलेली आहे तिथे त्याने तणांचे फावते. आता ती एकदम तोडू नयेत, उतार उघडा पडेल. दरवर्षी थोडी विरळणी करून मधल्या जागेत त्या जागेची झुडपे येऊ द्यावीत.

मग लागवड करणाऱ्याने करायचे काय? काम पावसाळ्याच्या आदल्या वर्षी सुरू होते. नोव्हेंबरच्या अखेरीला समोरच्या डोंगरावरून आपला डोंगर बघा. गवत वाळलेले असते आणि जे पट्टे अजून हिरवे आहेत तिथे ओल आहे. ते कागदावर रेखाटा. मार्चच्या शेवटी पुन्हा बघा, तेव्हाही पाने टिकवून असलेल्या जागा म्हणजे खोल माती किंवा झऱ्याची वाट. डोंगराचे घळी, सोंडा, पदर, सपाटी, कडा असे भाग पाडा. प्रत्येक भागात पाच-सहा ठिकाणी पहार मारून खोली नोंदवा. एखादाच खड्डा बघून निर्णय घेऊ नका, कारण दहा पावलांत खोली तिप्पट होऊ शकते.

मातीचा पोत हातानेच कळतो. मूठभर माती ओली करून चांगली मळा आणि अंगठ्याने तर्जनीवरून पुढे सरकवत पट्टी काढा. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर हलकी, पाचच्या पुढे गेली तर चिकण. तांबड्या मातीत एक फसवणूक होते. तिचे कण लोहाने गुठळ्या होऊन चिकटलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला ती रेताड लागते. पाच मिनिटे मळल्यावर खरा चिकटपणा येतो. चुनखडी ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब मातीवर टाका, फेस आला तर चुना आहे. अशा मातीत घाटमाथ्याच्या आम्लधर्मी जमिनीतली रोपे लावली तर त्यांची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून हे होते. पाण्याची फवारणी किंवा शेणखत वाढवून ते सुधारत नाही, रोपच बदलावे लागते.

निचऱ्यासाठी ३० सेंटीमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी २४ तासांनीही दिसत असेल तर निचरा वाईट आहे. काळ्या मातीत पहिल्यांदा भरलेले पाणी भेगांतून झर्रकन जाते, त्यावर विश्वास ठेवू नका. अशा चिकण सपाटीवर खणलेला खड्डा पावसात भरलेल्या बादलीसारखा होतो आणि जुलैतच मुळे कुजतात. तिथे खड्ड्याऐवजी वीतभर उंचवट्यावर लावावे, आणि ऐन, बाभूळ, हिवर यांसारखी जड जमीन सोसणारी झाडे निवडावीत. ओढ्याच्या काठाला उंबर, करंज, अर्जुन, वाळुंज. ही चार झाडे माथ्यावर चढवण्याचा हट्ट सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत जास्त फसतो.

आमच्या मते दहा सेंटीमीटरपेक्षा कमी माती आणि खाली एकसंध कातळ असेल तिथे काहीही लावू नये. दहा ते पंचवीसपर्यंत गवत आणि झुडपे राहू द्यावीत. त्यापुढे खाली मुरूम असेल तर काटक झाडे, विरळ, एकमेकांपासून पाच-सहा मीटरवर. दाट लागवड फक्त घळींत आणि पदरात, तीही आधीपासून रान उरलेले असेल त्याला जोडून. जवळची देवराई हा उत्तम नमुना असतो, पण तीही डोंगराच्या कोणत्या भागात आहे हे पाहून. बहुतेक देवराया झऱ्याजवळ असतात, त्यामुळे त्यांतली यादी सोंडेवर वापरता येत नाही. बी शक्यतो त्याच उंचीच्या, त्याच प्रकारच्या मातीतल्या झाडांचे घ्यावे.

रोप दीड-दोन फुटांचे, सरळ मुळाचे पुरे. सहा फुटी रोपे छायाचित्रात छान दिसतात, पण त्यांच्या पानांना जेवढे पाणी लागते तेवढे पिशवीत गुंडाळलेली मुळे उथळ मातीतून काढू शकत नाहीत. मुरमात ३० सेंटीमीटर लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा बस्स. मोठा खड्डा म्हणजे उतारावर जास्त सुटी माती. वरची काळसर माती वेगळी काढून तीच मुळांभोवती भरावी, खालचा मुरूम वर आच्छादनासारखा पसरावा. कमी पावसाच्या भागात पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की लगेच लावावे, म्हणजे मुळांना पूर्ण हंगाम मिळतो. घाटमाथ्यावर मात्र जुलैचा मारा ओसरू द्यावा.

संपादक महोदय, शासनाने आणि वनीकरणाला निधी देणाऱ्या कंपन्यांनी डोंगरावरच्या प्रत्येक प्रकल्पासोबत मातीच्या खोलीचा साधा नकाशा आणि 'इथे लागवड करणार नाही' अशा जागांची यादी मागावी. सडे आणि गवताळ उतार पडीक या सदरातून काढून त्यांना स्वतंत्र नोंद मिळावी. आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. लागवडीची बातमी छापताना रोपांच्या आकड्याबरोबर ती डोंगराच्या कोणत्या भागात आणि किती खोल मातीत लावली, हे विचारावे. आणि तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे दोन उन्हाळे काढून तिसरा संपत आल्यावर, त्याच जागेवर वार्ताहर पाठवून किती रोपे जगली आणि तिथले मूळचे काय उरले याची बातमी तेवढ्याच ठळकपणे छापावी.

कळावे,
आपले,
डोंगरउतारांवरील देशी वनस्पतींचे काम करणारे आम्ही काही जण